‘मॅडम, माझे डोळे अडखळतात’

बसायच्या आधीच तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत तिचेच डोळे. नजर भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्यायचा प्रयत्न, आणि बुबुळं मात्र टप्प्याटप्प्यानं उड्या मारत चाललेली. असे कितीतरी व्हिडिओ, बहुतेक रात्री दोननंतरचे. वय एकवीस. थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय यांचा गंभीर मानसिक आजार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) डोळ्यांच्या हालचालींवरून हा आजार आधीच कळतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

वाचलेलं अगदीच खोटं असतं तर सोपं गेलं असतं. हलत्या वस्तूमागे जाताना अनेक रुग्णांची नजर मागे पडते आणि मग झेप घेऊन ती वस्तू गाठते, ही नोंद १९०८ सालची आहे. १९७०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप होल्झमन यांना रुग्णांच्या सख्ख्या, स्वतः आजारी नसलेल्या नातेवाइकांतही हे बऱ्याच प्रमाणात दिसलं. म्हणजे खूण घराण्यात उतरते, पण ती असलेल्या कित्येकांना आजार होतच नाही. ही मुलगी बोट ठेवत होती फक्त पहिल्या अर्ध्यावर.

मी म्हटलं, “आता माझे डोळे शूट कर.” मीही भिंतीवरून नजर फिरवली. व्हिडिओ पाहिला तर माझ्याही डोळ्यांच्या तशाच उड्या. समोर काही हलत नसेल तर नजर घसरत जातच नाही, कुणाचीच.

मग मी एक आगाऊपणा केला. पेन फिरवून तिला त्यामागे बघायला लावलं. नजर छान गेली, तिचा चेहरा उजळला, आणि मला चूक उमगली. हे मोजमाप प्रयोगशाळेत, खास कॅमेऱ्यांनी होतं, तेही गटागटांची तुलना करायला. एकट्या माणसाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. जागरणानं, काही औषधांनीही नजर अडखळते. उद्या घरी पेन फिरवताना तसं झालं असतं तर? हे तिला तिथंच सांगून टाकलं.

“मग मला धोका किती?”

“सख्ख्या भावंडाला शंभरात साधारण नऊ-दहा. एरवी शंभरात एकाच्या आसपास.”

“म्हणजे दहापट.”

“हो. आणि नव्वद जणांना नाही.”

आकडा मी गुळमुळीत केला नाही. तिला फसवलेलं कळलं असतं. लक्ष कशावर ठेवायचं तेही आम्ही बोललो: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, विनाकारण संशय वाढणं, माणसांपासून तुटत जाणं, अभ्यास किंवा स्वतःची निगा एकाएकी ढासळणं. असं काही आठवडे दिसलं तर थेट मानसोपचारतज्ज्ञ, मोबाइल नव्हे.

निघता निघता खरं बाहेर आलं. “भावाचं निदान झाल्यापासून आई माझ्याकडे टक लावून बघते. मी गप्प बसले तरी बघते, हसले तरी.”

पुढच्या वेळी आईलाही बोलावलं. तोवर बाकीचे व्हिडिओ तिनं पुसले होते. माझ्या डोळ्यांचा तेवढा ठेवला होता, आईला दाखवायला.