कमोड बसवायचाय, खर्च किती धरू?

प्रश्न: इंदूरला रामबागेत जुनं घर आहे, आईचे गुडघे दुखतात म्हणून देशी सीट काढून कमोड बसवायचाय. प्लंबर नुसतं "बघून सांगतो" म्हणतो.

उत्तर: अहो, कमोड घ्यायच्या आधी पाइपचं ठरवा! नवीन पाइपचं तोंड मागच्या टाइलपासून किती इंचावर येणार ते प्लंबरकडून नक्की करून घ्या, जमिनीतून जाणारा एस-ट्रॅप, म्हणजे कमोडचा खाली वळलेला पाइप, ९ इंची, १२ इंची असा मिळतो, माप चुकलं की फरशी परत फोडा. खरा पैसा कमोडपेक्षा जुनी सीट फोडणं, मलबा उचलणं, वॉटरप्रूफिंग, टाइल्स यातच जातो, तेव्हा प्रत्येकाचा रेट वेगळा लिहून मागा आणि वॉटरप्रूफिंगमध्ये कंजूषी नको, खालच्यांच्या छताला ओल येते मग भांडणं. भिंतीत लपवलेली फ्लशची टाकी दिसते झकास, पण महाग, सोडा. आईंसाठी धरून उठायला भिंतीवर हँडल मात्र लावाच.