दिवाणजी वही का सोडत नाहीत?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षे टेस्टर आहे. मार्केट यार्डातील गुळाच्या अडत दुकानांसाठी आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवतो. मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे आहे. त्यासाठी नोकरी सोडून एमबीए करावे, की दीड लाखाचा ऑनलाइन कोर्स करावा? त्यासाठी पुण्यालाच जावे लागेल, असे सहकारी म्हणतात.
ता. क. एक अडते आमचे सॉफ्टवेअर घेऊनही सौदे वहीतच लिहितात आणि रात्री दिवाणजी ते संगणकावर चढवतात. आमचे साहेब याला आडमुठेपणा म्हणतात.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तुमचा खरा प्रश्न ताज्या कलमात आहे. सॉफ्टवेअर कसे बनवायचे हे डेव्हलपर ठरवतो. काय बनवायचे, कोणासाठी आणि कशाला नकार द्यायचा, याचा निवाडा प्रॉडक्ट मॅनेजरला करावा लागतो. दिवाणजी वही का सोडत नाहीत, हे शोधणे म्हणजे तेच काम आहे आणि त्यासाठी कोणाच्या नेमणूकपत्राची गरज नाही.

सौदे चालू असताना दोन दिवस दिवाणजींच्या शेजारी उभे राहा आणि शक्यतो बोलू नका. माझा अंदाज असा आहे की तुमचा फॉर्म आधी शेतकऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि मागील उचल विचारतो, तर वहीत मात्र रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, दर आणि खरेदीदाराची खूण एवढी एकच ओळ पुरते. दिवाणजी गावाचे नाव शोधत असतानाच सौदा पुढच्या थप्पीवर गेलेला असतो. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण खरे कारण तिथेच दिसेल. मग एका पानावर लिहा : काय पाहिले, काय बदलावे, आणि बदल उपयोगी पडला हे कशावरून कळेल (उदाहरणार्थ, दुपारपर्यंत किती सौदे थेट संगणकावर नोंदले गेले). मुलाखतीत हे पान प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. शिरोलीच्या एका फौंड्रीसाठी रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे, रंगीत आलेख काढण्यात मी दोन महिने घालवले; सुपरवायझर मात्र रोज फळ्यावर खडूने एकच आकडा लिहीत असे आणि त्याला तेवढाच हवा होता.

प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचे मूळ सांगताना अनेकदा सॉफ्टवेअरच्या बाहेरचे एक टिपण दाखवले जाते. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीतील नील मॅकलरॉय यांनी प्रत्येक ब्रँडची जबाबदारी एका माणसाकडे असावी, असे सुचवले. त्या माणसाने विक्रीचे आकडे तपासावेत आणि दुकानदार व ग्राहक यांना प्रत्यक्ष भेटावे, अशी त्यांची अपेक्षा होती. जबाबदारी पूर्ण, पण हुकूम चालवण्याचा अधिकार बेताचाच, ही या पदाची अडचण आजही कायम आहे. डेव्हलपर तुमच्या हाताखाली नसतात. त्यांना पटवावे लागते आणि साहेबांनाही.

आता एमबीएविषयी. मोठ्या कंपन्या नामांकित संस्थांच्या कॅम्पसवरून उमेदवार घेतात, त्यामुळे तशा संस्थेत प्रवेश मिळत असेल तर पदवीचा लाभ निश्चित आहे. अन्यथा चार वर्षांची नोकरी त्यासाठी सोडू नये. दीड लाखाचा कोर्स तर मी घेणार नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शिकून तुमच्या स्वतःच्या डेटाबेसला प्रश्न विचारता येऊ लागले, की कोणती स्क्रीन कोणी उघडतच नाही हे तुम्हालाच दिसेल. ही विद्या जवळजवळ फुकट मिळते.

पुणे आणि बंगळूर येथे या पदाच्या जागा जास्त आहेत, हे सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र या पदावरची पहिली संधी बहुधा आपल्याच कंपनीत, नाहीतर त्याच धंद्याला सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीत मिळते. अडतीचा व्यवहार आतून जाणणारा माणूस तिथे सहज मिळत नाही, म्हणून वर्षभर इथेच ही पाने साठवा आणि मग अर्ज करा.

यार्डात जाण्यापूर्वी साहेबांची परवानगी घ्या, अडत्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि लॅपटॉप घरी ठेवून साधी वही न्या.