उसन्या पुस्तकांची वही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. वाचून होतं खूप, पण सहा महिन्यांनी नावाशिवाय काही आठवत नाही, म्हणून वही घालावी का, असं तू विचारलंस. घाल. मात्र ती कशासाठी घालायची हे आधी मनाशी पक्कं कर, नाहीतर अशा वह्या पोळ्याला सुरू होतात आणि दिवाळी यायच्या आत बंद पडतात.

आपल्याकडे पुस्तक घरात राहत नाही. तू वाचतेस ते वाचनालयाचं, शाळेच्या पेटीतलं, नाहीतर कोणाच्या तरी घरून मागून आणलेलं. मुदत संपली की परत जातं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. आपलं ड, म्हणजे सगळ्यात लहान. असं वाचनालय एका पुस्तकाच्या दोन प्रती क्वचितच घेतं. प्रत एकदा दुसऱ्याच्या हाती गेली, की पुन्हा कधी मिळेल याचा नेम नाही. तेव्हा पुस्तकातलं जे तुझ्यापाशी उरायचं, ते या वहीतच उरणार आहे.

म्हणून वरची माहिती आळस न करता लिही. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकही, प्रकाशन आणि आवृत्तीचं साल. आतलं पहिलं पान उलटलं की मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे सगळं असतं. आवृत्ती महत्त्वाची, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली; तुझ्या हातातली प्रत पुष्कळ नंतरची असेल. ‘पान ८४’ एवढंच लिहून ठेवलंस आणि पुढं दुसरी आवृत्ती मिळाली, तर ते वाक्य शोधत बसशील. वाचनालयाच्या प्रतीवर दाखल क्रमांक असतो, तोही लिही. त्या क्रमांकावरून ग्रंथपालाला नेमकी तीच प्रत काढून देता येते. मागच्या बाजूला रेघांच्या पट्टीजवळ तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक असला तर उतरव (२००७ च्या आधी तो दहा आकडी होता). जुन्या मराठी पुस्तकांवर बहुतेक नसतोच, त्याची काळजी करू नको.

आता अभिप्राय. इथं मला तुझ्याकडून जास्त अपेक्षा आहे.

‘छान आहे, शेतकऱ्यांचं दुःख चांगलं मांडलं’ असं लिहू नकोस. हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं. तीन-चारच ओळी लिही, पण त्या तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता येऊ नयेत. ‘धग’ची नायिका कौतिक, तिच्याबद्दल असं लिही: ‘कौतिकचं बोलनं आजीवानी लागलं, म्हनून घाईनं वाचता आलं नाही.’ झालं. यात पुस्तक आहे, तू आहेस, आणि कोणत्या ओढीनं वाचलं तेही आहे. आणि हो, घरात बोलतेस तशा वऱ्हाडीत लिहायला अजिबात लाजू नकोस. पुस्तकी भाषेत लिहायला गेलं की मत आपोआप प्रस्तावनेतलं उतरतं. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना तर स्वतःच्या चार ओळी लिहून झाल्यावरच वाच. मोठ्या नावाच्या पुस्तकाला तू कंटाळलीस, तर कोणत्या पानापासून कंटाळलीस ते लिही. मीच सुचवलेलं पुस्तक असलं तरी लिही. ही वही कोणाला दाखवायची नाही, म्हणजे खरं लिहायला मोकळी राहशील.

आपल्याच मुलखात घडलेली एक गोष्ट सांगतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडं जाऊन विचारलं, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतलं, आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ आकाराला आलं. साधी बोलती मराठी आज आपल्याला त्यात सापडते, कारण टिपणाऱ्यानं ती सजवत बसण्याचा सोस केला नाही. कोण काय बोललं, कुठं बोललं, याची कदर केली. मला नोंद म्हटली की म्हाइंभट आठवतात. तुझ्या चार ओळींनाही तीच शिस्त लाव. लेखकाचं वाक्य उतरवलंस तर अवतरणात घाल आणि पानाचा आकडा दे. तुझं वाक्य असेल तर ते मोकळं राहू दे. पुस्तक परत गेल्यावर कोणतं कोणाचं हे ओळखायला दुसरा काही आधार नसतो.

लिहायचं कधी? पुस्तक मिटल्यावर एक रात्र जाऊ दे, पण आठवडा जाऊ देऊ नकोस. कापसाचा वेचा सुरू झाला की दिवसभर वावरात असशील, रात्री डोळे मिटतील, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसांत नाव, तारीख आणि एक ओळ पुरे. बाकी जागा कोरी सोड, पण ओळ चुकवू नको.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांनाही जागा दे. कितव्या पानावर सोडलं आणि का सोडलं, एवढंच. काही पुस्तकं वय वाढल्यावर उघडतात. पुन्हा वाचलंस आणि मत पालटलं, तर जुनी नोंद खोडू नकोस. तिच्या खालीच नवी तारीख टाकून लिही. माझ्या लेखी वहीतली सगळ्यात मोलाची पानं हीच असतात.

वर्षाला किती पुस्तकं झाली याचा हिशेब ठेवू नको. आकडा वाढवायचा म्हटलं की बारीक-बारीक पुस्तकं हाती येतात आणि मोठी मागं पडतात. भरतीच्या परीक्षेच्या गाईडंही या वहीत नकोत, त्यांचं वेगळं रजिस्टर कर.

वही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली घे. स्प्रिंगवालीची पानं निघतात. साध्या बॉलपेननं लिही, जेलची शाई पाण्यानं पसरते. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नको, उधई लागते. पत्र्याच्या पेटीत ठेव, आणि दहा-वीस पानं भरली की मोबाइलवर फोटो काढत जा.

मागं वाचलेली सगळी पुस्तकं भरायला बसू नकोस, त्यातच दम निघेल. ज्यातलं एखादं चित्र अजून डोळ्यांपुढं येतं तेवढीच लिही, तारीख अंदाजानं टाक आणि ती अंदाजाची आहे असंही लिही. बाकी सुरुवात सध्या उशाशी असलेल्या पुस्तकापासून कर. त्याची परत करायची तारीख शनिवारची आहे. त्याआधी दाखल क्रमांक उतरवून घे.

तुझे,
वाचनालयवाले काका