लाल दिवा दिसला की आधी हात मागे घ्या

नवीन आहात, म्हणून मोजकंच सांगतो. स्टोरेज एन्क्लोजरवर (अनेक डिस्क बसवलेल्या पेटीवर) अंबर (पिवळसर केशरी) किंवा लाल दिवा लागला की लगेच डिस्क ओढायची घाई होते, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. रेड ५ (RAID 5, अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवायची पद्धत) मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो. अशा वेळी चुकून शेजारची चांगली डिस्क काढलीत तर या सगळ्या डिस्क मिळून बनलेला अख्खा अ‍ॅरे बंद पडतो. म्हणून आधी सॉफ्टवेअरमधून त्या स्लॉटचा ‘लोकेट’ (जागा ओळखायचा) दिवा लुकलुकवा, स्लॉट नंबर जुळवा आणि मगच हँडलला हात लावा.

सुरुवातीला एवढं पाहा:

- हिरवा लुकलुकतोय म्हणजे बहुधा वाचन-लेखन चालू आहे. तो बिघाड नव्हे.
- पॉवर सप्लायचा दिवा विझलाय? आधी केबल आणि सॉकेट तपासा.
- दिवा लागल्यावर काहीही हलवण्यापूर्वी त्याचा फोटो नक्की काढा.

रंगांचे अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा मॅन्युअलमधलं ते पान छापून रॅकवर चिकटवा. नवी डिस्क बसवल्यावर रीबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा तयार होणं) पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या भागाच्या) एरर कोडकडे सध्या वळू नका, ते नंतर सावकाश बघू.