लाकडी मुठीच्या जुन्या सुरीला व्हार्निश मारावं का?

तुम्ही विचारलंय की आजेसासूबाईंच्या वेळची लोखंडी सुरी आहे, लाकडी मूठ काळी आणि चिकट झालीय, पात्यापाशी जराशी हलते. तर घासून व्हार्निश मारावं की सरळ नवी मूठ बसवून घ्यावी.

व्हार्निश नको. आणि लाकूड भुसभुशीत झालं नसेल तर मूठही बदलू नका, तशी मूठ आता बाजारात मिळणार नाही. व्हार्निश म्हणजे लाकडावर चढवलेला पापुद्रा. दाराला, खुर्चीला ठीक आहे. सुरीची मूठ रोज ओली होते, रोज वाळते. पापुद्र्याला कुठेतरी बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग पोपडे धरतात. शिवाय सुरण कापताना हात ओला असतो, त्यात गुळगुळीत मूठ म्हणजे बोटं गमावायची तयारी.

पण मुठीच्या रंगरूपाचं नंतर. आधी ती हलते त्याचं बघा. दोन फळ्या पात्याला दोन्ही अंगांनी लावून रिव्हेट मारलेली मूठ असेल तर सोपं आहे: रिव्हेटचं खालचं डोकं लोखंडी ठोकळ्यावर टेकवायचं आणि वरच्या डोक्यावर हलक्या हाताने हातोडी मारायची, बस. जोरात मारलीत तर फळी चिरते. तुमच्या वर्णनावरून मात्र अखंड मूठ वाटते. तिच्यात पात्याचं निमुळतं शेपूट भोकात घातलेलं असतं आणि तोंडाशी पितळेची शेंबी, म्हणजे कडं, असते. हे शेपूट जुने कारागीर लाखेने बसवायचे. लाख वितळवून तीत विटकरीची वस्त्रगाळ भुकटी मिसळायची, भोकात भरायची आणि गरम केलेलं शेपूट आत दाबायचं. तलवारींच्या मुठीसुद्धा अशाच बसवलेल्या असतात. आता लाख सत्तरेक अंशांना मऊ पडते. त्यामुळे ज्या घरात सुऱ्या-चमचे उकळत्या पाण्यात टाकून ठेवतात तिथे हीच मूठ पहिली सैल होते, आणि दोष सुरीवर येतो.

हाच गुण मूठ काढायला कामाला येतो. पातं गॅसवर धरू नका, पात्याचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरेल आणि नंतर धार टिकणार नाही. पातेल्यात पाणी उकळवून त्यात फक्त पातं उभं धरा, मूठ पाण्याबाहेर. उष्णता हळूहळू शेपटापर्यंत चढते. लाख सैल झाली की पात्यावर जाड गोणपाटाच्या दोन-तीन घड्या घालून ओढा. निघत नसेल तर पुन्हा गरम करा, पिळू नका. शेपटावरचा गंज खरवडा, भोकातली जुनी लाख टोकरून काढा. परत बसवताना रोजच्या वापराची सुरी असेल तर सावकाश आवळणारं अ‍ॅराल्डाइट (एपॉक्सी गोंद) भरा, गरम पाण्याने ते लाखेसारखं सैल होत नाही. मात्र मग मूठ पुन्हा सहजी निघत नाही, हे लक्षात ठेवा. आठवण म्हणून जपायची असेल तर लाखच बरी. एक सांगते, हे काम पावसाळ्यात करू नका. आमच्या बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा घट्ट वाटलेली मूठ वैशाखात पुन्हा खुळखुळते.

आता काळी-चिकट मूठ. तो चिकटपणा बहुतेक तेलाचाच आहे. आमच्याकडे घराघरात सिंगतेल, मग लाकडाला पण तेच चोळायचं. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल लाकडावर वाळत नाही, तसंच पडून राहतं, धूळ धरतं आणि खवट होतं. तो थर आधी भांड्याच्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून घ्या, मूठ भिजत टाकू नका. दोन दिवस सावलीत वाळवा. मग खरवडणं.

माझे आजोबा कलाभवनात सुतारकाम शिकले होते. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ती शाळा. मूठ असो की खुर्चीचा हात, त्यांचा पॉलिश पेपरवर विश्वास नसे. फुटलेल्या काचेचा तुकडा घ्यायचे, धरायच्या बाजूला जाड चिंधी गुंडाळायची आणि काच किंचित पुढे कलती धरून लाकडाच्या रेघांच्या दिशेने ओढायची. बरोबर कोन सापडला की भुसा पडत नाही, कांद्याच्या पातीएवढे पातळ कुरळे कपटे निघतात आणि वरची काळी राप तेवढी सुटते. गोलाईवर पॉलिश पेपर खळगे पाडतो, काच पाडत नाही. जमत नसेल तर १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ३२०, आणि थांबा. पात्याला आधी चिंध्या गुंडाळून दोरी बांधा. तोंडावर रुमाल बांधा, शिसवीचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो.

शेंबीजवळचा निळा-काळा डाग मात्र जाणार नाही, जाऊ देऊही नका. बाभळीसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं, ओलं लोखंड लागलं की ते काळं पडतं. त्याच कारणाने लोखंडी तारेची घासणीही वापरू नका. तिचे कण रेघांत अडकले की नंतर सगळीकडे काळे ठिपके उमटतात.

घासून झाल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसा. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील. वाळल्यावर ३२० च्या पेपरने हलकेच उतरवा. मगच तेल.

तेल जवसाचं, घाण्यावरचं कच्चं, खायला मिळतं ते. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात आणि ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं, म्हणून ते चालतं. बोटाने पातळ चोळा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. इथे बहुतेक जण कंटाळा करतात आणि मूठ पुन्हा चिकट होते. पहिला हात पूर्ण वाळला की दुसरा, असे तीन-चार. शेवटी एक भाग मधमाशांचं मेण आणि तीन भाग तेच तेल, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवा, चोळा आणि सुती फडक्याने चमक येईपर्यंत घासा.

तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि कुणी काडी न लावता पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

गुजरातेतल्या संखेड्याच्या फर्निचरवर असते तसली लाखेची चकाकी आणू का, असं कुणी सुचवेल. ती लाख खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, फिरत्या लाकडाला घासूनच चढते, घर्षणाच्या उष्णतेने वितळते, आणि कारागीर केवड्याच्या पानाने ती सारखी करतात. पातं बसलेली मूठ खरादावर लावणार कशी? आणि तुमची वस्तू सुरी नसून जुनी कट्यार किंवा जांबिया निघाला, तर वरचं सगळं विसरा. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत घासू नका.

मेण-तेल उरलं तर डबीत भरून ठेवा. पोळपाट-लाटण्याला आणि रवीला चालतं.