ग्रहणातल्या शंकरपाळ्या

"मॅडम, आमच्या बाळाला हे नेमकं कशामुळे झालं?" डोळ्यात जन्मजात दोष असलेल्या मुलाचे आईवडील नेत्रविभागातून माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. पुढे काय करायचं, हे नंतर. विचारताना आईची मान खाली असेल, तर घरात निकाल आधीच लागलाय असं मी समजून चालते.

२०२३ च्या जुलैत आलेलं एक कुटुंब सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चार महिन्यांचा मुलगा, आईबाबा आणि आजी. बाळाच्या उजव्या डोळ्याची बाहुली गोल नव्हती. कुलपाच्या भोकासारखी खाली ओघळलेली होती. न्हाऊ घालताना ते आजीच्याच लक्षात आलं होतं. डॉक्टर याला कोलोबोमा म्हणतात. आत पडद्याच्या खालच्या भागातही फट गेली होती, पण नजरेचा मधला भाग आणि नस वाचली होती. म्हणजे त्या डोळ्याने बऱ्यापैकी दिसेल अशी आशा होती. हे डॉक्टरांनी सांगितलेलं, पण तिघांच्याही कानापर्यंत पोचलेलं दिसत नव्हतं.

आई पतसंस्थेत नोकरीला. तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. गरोदरपणात आपलं काय काय चुकलं, याची यादी. जुलैत पपईच्या दोन फोडी. उलट्यांची गोळी. रात्री मोबाइल. गणपतीतलं जागरण. शेवटच्या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारली होती : २५ ऑक्टोबर, शंकरपाळ्या.

आठवतंय ना ते ग्रहण? २०२२ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन सोमवारी झालं, मंगळवारी संध्याकाळी ग्रस्तास्त सूर्यग्रहण, म्हणून पाडवा बुधवारी गेला. भाऊबीजेला नणंद यायची होती, डबा रिकामा होता, म्हणून हिने दुपारी पोळी लाटून शंकरपाळ्या कातल्या. पाचवा महिना सरत आला होता. "मी नको नको म्हणत होते," आजी म्हणाल्या. "ग्रहणात कातण फिरवलं आणि बाळाच्या डोळ्याला काप गेला." बाबा काही बोलले नाहीत. ते गप्प बसणं त्या बाईला जास्त लागलं असावं.

आजींना मी खोटं पाडायला गेले नाही. कॅलेंडर काढलं. शेवटची पाळी ७ जूनची. डोळा घडताना त्याच्या खालच्या बाजूला एक फट असतेच, प्रत्येक बाळाला असते. गर्भ राहिल्यापासून पाचव्या ते सातव्या आठवड्यात ती मिटते. ती पुरती मिटली नाही, तर कोलोबोमा राहतो. हिच्या बाबतीत तो काळ जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. ग्रहण लागलं तेव्हा ते काम संपून अडीच महिने झाले होते.

मला वाटलं, सुटलो. तर आजी बोटं मोजत म्हणाल्या, "ऑगस्टचा पहिला आठवडा? म्हणजे नागपंचमी की!" आणि आईचा चेहरा उतरला. नागपंचमीला, २ ऑगस्टला, तिने ऑफिसच्या डब्यासाठी काकडी चिरली होती.

नुसती तारीख पुढेमागे करून भागत नाही. अपराध मानायचाच ठरवलं, तर पंचांगात दिवस कमी नाहीत. म्हणून मी विषय तपासण्यांकडे नेला. कारण शोधण्यातला जो भाग बाळाच्या उपयोगाचा आहे, तो आपण नीट करू, बाकीचा कागद माझ्याकडे राहू द्या, असं सांगितलं. मग विचारलं : मुरमांची औषधं घेतली होती का? (त्यातली काही गरोदरपणात अजिबात चालत नाहीत.) फिट्सच्या गोळ्या, मधुमेह, नात्यातलं लग्न? सगळ्याला नाही. अशा फटीबरोबर कधी कधी हृदय, कान, मूत्रपिंडातही दोष निघतात, म्हणून टू-डी एको, श्रवणचाचणी आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिलेलीच होती. तिन्ही पुढे नॉर्मल आल्या.

शिवाय आईबाबा दोघांचेही डोळे औषध घालून तपासायचे होते. बाबा चिडले. "मला चष्मासुद्धा नाही. माझे कशाला?" खरं तर हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बाहेर कोणी देत नाही. घराण्यातून आलेला कोलोबोमा एकाला बाहुलीवर दिसतो, तर दुसऱ्याला फक्त आत पडद्यावर, आणि त्याला आयुष्यभर पत्ताही नसतो. आजींनी मुलाची बाजू घेतली. "ह्याच्या वेळी ९५ सालच्या दिवाळीतलं ग्रहण होतं. सकाळी ग्रहण सुटेपर्यंत मी आतल्या खोलीत. सुरी नाही, सुई नाही, पाण्याचा घोट नाही."

आईचा पडदा स्वच्छ निघाला. बाबांच्या डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला छोटी, जुनी फट निघाली. जन्मापासूनची.

आई आधी हसली. मग रडली. मग नवऱ्यावर भडकली, आणि ते मी होऊ दिलं. पण आजी एकदम खचल्या. "म्हणजे माझ्याच पोटातून आलं?" एका बाईच्या डोक्यावरचं ओझं उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवायचं, असा निकाल मला नको होता. त्यांना सांगितलं, जनुकातला बदल कुणी निवडत नाही आणि दिवसभर खोलीत बसून तो टळतही नाही. तुम्ही सगळं पाळलंत, तुमच्याही हातात काही नव्हतं. त्यांना किती पटलं, माहीत नाही. पण सुनेच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.

इतकं स्पष्ट उत्तर सगळ्यांना मिळत नाही. अनेक घरांत दोघांचे डोळे स्वच्छ निघतात, जनुकीय चाचणीतही काही सापडत नाही. अशा वेळी 'कारण सापडलं नाही' याचा अर्थ आईने काही लपवलंय असा होत नाही. दुसऱ्या मुलाबद्दल मात्र जनुकतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावं. या घरात वारसा बाबांकडून आला असेल, तर दर खेपेला निम्मी शक्यता. दोष किती उमटेल, हे आधी सांगता येत नाही.

फट मिटवणारी शस्त्रक्रिया किंवा थेंब नाहीत. तसं सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. चष्मा लागला तर वेळेत द्यायचा, डोळा आळशी होऊ लागला तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, उन्हात गडद काचा. आणि पडद्याची तपासणी नेमाने, कारण अशा डोळ्यांत पडदा सुटायचा धोका जास्त असतो. बाबांनाही हे लागू. अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं किंवा काळी सावली आली, तर त्याच दिवशी यायचं.

दसऱ्याच्या आसपास ते परत आले. बाळ खुळखुळ्याच्या मागे छान नजर फिरवत होतं. आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "धाकट्या सुनेला पाचवा लागलाय. कोजागरीला मध्यरात्री चंद्रग्रहण आहे. बसवू का नको?"

म्हटलं, "बसवायचंच असेल तर पंख्याखाली बसवा, भूक लागली तर खाऊ द्या, पाणी प्यायला द्या. आणि त्याआधी धाकट्याला इथे पाठवा, त्याचे डोळे बघायचे राहिलेत."