टर्बो विकायचाय? आधी आरसी दाखवा

ऑक्टोबर २०१० मध्ये छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, एका झटक्यात दीडशे मर्सिडीज आल्या होत्या. शेंद्र्याला तर स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आणि ऑडी जुळवल्याच जायच्या. त्यामुळे आपल्याकडे भारी गाड्यांची वाण कधी नव्हती. आता त्या जुन्या झाल्यात, काही आपटल्यात, काही शेडमध्ये उभ्या आहेत. त्यांचे सुटे भाग कुठे आणि कसे विकायचे, हे विचारणारी पत्रं थांबत नाहीत आणि घोळही तेच ते असतात. म्हणून यावेळी सगळी एकत्र घेतली.

प्रश्न : ऑक्टाव्हिया आरएसची (म्हणजे तिच्या स्पोर्ट्स आवृत्तीची) चार मूळ अलॉय चाकं टायरसकट विकायची आहेत. पाच बोल्टची असल्यामुळे मर्सिडीजलाही बसतात असं एकाने सांगितलं. खरं का? (लातूर)

अर्धवट खरं, म्हणून जास्त धोक्याचं. दोन्हीकडे पाच बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११२ मिलिमीटर, इथपर्यंत बरोबर. पण चाकाच्या मधलं भोक स्कोडाचं ५७.१ मिलिमीटर, मर्सिडीजचं ६६.६. तुमचं चाक मर्सिडीजच्या हबवर, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या गोल भागावर, चढणारच नाही. उलट मर्सिडीजचं चाक मधे रिंग टाकून स्कोडाला बसवता येतं, पण तिथेही ऑफसेट (चाकाची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) जुळावा लागतो आणि बोल्टची बैठक वेगळी निघू शकते. तेव्हा जाहिरातीत ‘कुठल्याही गाडीला चालतील’ असं लिहू नका. चाकाच्या आतल्या बाजूला रुंदी, ऑफसेट आणि पार्ट नंबर कोरलेला असतो, त्याचा स्वच्छ फोटो द्या. खरा गिऱ्हाईक तोच मागतो.

टायर वेगळे विका. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघा : २३२१ असेल तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी कितीही शिल्लक असो, आपल्याकडचे उन्हाळे पत्र्याच्या शेडखाली काढलेल्या जुन्या रबराला मी किंमत देणार नाही. विकण्याआधी चाकं बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून घ्या. खड्ड्याने कड वाकलेली किंवा बारीक चीर असली तर तिथे कळतं. मग त्याच मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपवर टाका, किंवा पुण्यातल्या, संभाजीनगरातल्या अलॉयच्या दुकानांत दाखवा.

प्रश्न : सायलेन्सरमध्ये चांदी असते म्हणून भंगारवाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) मागतोय. गाडी चालू आहे. काढून देऊ का? (हिंगोली)

नाही. आणि चांदी नसते. आत सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून तो काढणं म्हणजे पीयूसीत नापास व्हायची सोय करणं. मोडीत निघालेल्या गाडीचा असेल, तर तो न फोडता, वरच्या नंबरावरून भाव करा. जो काट्यावर घालून किलोने भाव सांगतो, त्याला आतल्या मालाची किंमत पक्की ठाऊक असते. घरी फोडून बघू नका, ती धूळ छातीत जाते.

प्रश्न : काढलेली एअरबॅग विकता येते का? (बीड)

नाही. आत स्फोटक असतं. अधिकृत वर्कशॉपला विचारून निकाली काढा.

प्रश्न : भावाची स्पोर्ट्स कार जिंतूर रोडवर उलटली. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला, निकाल बाकी आहे. एक व्यापारी इंजिन, गिअरबॉक्स, सीट असं सगळं उक्तं घ्यायला तयार आहे. आरसी सोबत दिली तर चाळीस हजार वर देतो म्हणतो. देऊन टाकावं का? (परभणी)

असं पत्र आलं की माझं डोकं फिरतं, म्हणून उत्तर लांबेल.

पहिली गोष्ट, गाडी अजून तुमची आहे की नाही हेच ठरलेलं नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. कंपनीने पूर्ण रक्कम दिली की सांगाडा कंपनीचा. सांगाडा तुम्ही ठेवलात तर त्याची किंमत कापून पैसे मिळतात. हे लेखी ठरेपर्यंत साइड मिररसुद्धा काढायचा नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणखी वेगळं.

आता त्या चाळीस हजारांचं. दादा, चुरगळलेल्या गाडीच्या कागदाला कुणी चाळीस हजार का देईल? सुट्या भागांना आरसी लागत नाही. ती लागते चोरीच्या गाडीला. तेच मॉडेल, तोच रंग, कुठूनतरी उचललेलं. त्यावर तुमच्या भावाच्या गाडीचा चेसिस नंबराचा तुकडा कापून बसवायचा आणि भावाची आरसी डॅशबोर्डात ठेवायची. गाडी सगळीकडे भावाच्या नावावर फिरते. चलान भावाला, कुणाला उडवलं तर समन्स भावाला. आपण तर सांगाडा विकला होता, हे सिद्ध करायला हातात काय? व्यापाऱ्याचा मोबाइल नंबर, तोही बंद. ‘सगळेच देतात, काही होत नाही’ हे मी असंख्यांकडून ऐकलंय. होत नाही ते सांगणाऱ्याला.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ साधं आहे : गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आला, मगच भागांचा व्यवहार. इंजिन देताना त्याचा नंबर लिहून पावती करा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, दोघांच्या सह्या घ्या. चेसिस नंबराचा भाग कुणालाही सुटा द्यायचा नाही.

दुसरी वाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राची. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळते. मात्र कुठले भाग आधी काढलेले चालतात ते केंद्राला विचारल्याशिवाय पान्याला हात लावू नका. आणि या आठवड्यात विमा कंपनी, आरटीओ आणि जमलं तर एखाद्या वकिलाला भेटा. व्यापारी घाई करत असेल तर ती त्याची गरज आहे, तुमची नाही.

प्रश्न : मोडीतल्या ऑडीचा मीटर आणि स्क्रीन विकला. घेणारा म्हणतो चालत नाही, पैसे परत द्या. माझ्याकडे तर चालू होता. (जालना)

दोघंही खरं बोलताय. या गाड्यांत असे भाग मूळ गाडीच्या नंबराशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीत ते स्वतःला अंशतः बंद करतात आणि कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेतून सोडवावे लागतात. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) विकतानाही इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची, हीच भानगड. ‘कोडिंग घेणाऱ्याने करायचं’ हे आधी लिहून घ्यायला हवं होतं. आता अधिकृत वर्कशॉपला खर्च विचारून तो निम्मा निम्मा वाटून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला कारचं (मुलांनी स्पर्धेसाठी बांधलेल्या शर्यतीच्या गाडीचं) केटीएम बाइकचं इंजिन आणि शॉकअब्सॉर्बर पडून आहेत. टीमने विकले तर चालेल? (नांदेड)

ते कॉलेजच्या डेड स्टॉक रजिस्टरला आहेत का, ते आधी बघा. असतील तर निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरमधून काढून टाकायची, मंजुरी घ्या, विभागप्रमुखांची सही घ्या आणि पैसे कॉलेजच्या खात्यात जाऊ द्या. स्पॉन्सरने दिले असतील तर त्यालाही विचारा. गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या टीमा असतातच.

प्रश्न : घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवलाय. स्कॅन करून पिन टाकला की विसार जमा होईल म्हणतो. (वैजापूर)

पैसे घ्यायला पिन लागत नाही. नंबर ब्लॉक करा.

प्रश्न : आरएसचा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) आणि डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स तीन वर्षं गोडाउनमध्ये आहे. भाव वाढेल म्हणून थांबलोय. योग्य ना? (धाराशिव)

अजिबात नाही. हे सोयाबीन नाही. उघड्या तोंडाच्या टर्बोत धूळ बसते, शाफ्ट गंजतो. गिअरबॉक्सची सील वाळतात. त्या गाड्या रस्त्यावरून कमी होतात तसे घेणारेही कमी होतात. शिवाय पार्ट नंबराच्या शेवटचं अक्षर सुधारणा दाखवतं, आणि लोक नवं अक्षर मागतात.

आधी जाणत्या टर्बोवाल्याकडून शाफ्टची ढिलाई तपासून घ्या आणि ती मोजताना व्हिडिओ काढा. गिअरबॉक्स कोणत्या गाडीचा, किती किलोमीटर चाललेला, हे ओडोमीटरच्या फोटोसकट लिहा. स्थानिक भंगारात हे दाखवू नका, तिथे लोखंड-ॲल्युमिनियमचाच भाव मिळेल. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी हे मोठे बाजार आहेत, पण तिथला व्यापारी पुढे विकणार, म्हणून निम्म्यात मागतो. थेट मालकाला किंवा त्या गाड्यांवरच काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गॅरेजला विकलंत तर बरे पैसे सुटतील. तेल पूर्ण काढा, तोंडं बुचांनी बंद करा, लाकडी खोक्यात बांधा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून देऊ नका, ट्रान्सपोर्टने बिल्टी (मालाची पावती) करून पाठवा. ई-वे बिल लागतं का ते ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. असे बरेच भाग विकणार असाल तर जीएसटीचं सीएला विचारा, मला नको. आणि हे दिवाळीआधी उरका.